बिनअळीचं बोंड

आमचे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, कोणतीही नवी वस्तू आधी स्वतः तोंडात घालत नसत. नवं औषध असो, नव्या हॉटेलातली भाजी असो की शेजारणीनं धाडलेली खीर, वाटी आधी माझ्या नवऱ्यापुढे सरके. "गजा, तू खाय आधी." गजानन खाई. भासरे त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत, आणि तोंड वाकडं झालं नाही अशी खात्री पटली की मग आपला हात पुढे करत. नवऱ्याला मी इथे एकेरीत लिहिते आहे, बोलताना मला ते अजून जमत नाही. सासूबाई या सवयीचं फार कौतुक करायच्या. रामलक्ष्मणाची जोडी आहे म्हणायच्या. मी लग्न होऊन त्या घरात आले आणि पहिल्याच महिन्यात मला ही जोडी कशी चालते ते कळलं. तेव्हापासून हा थोरला माझ्या मनातून जो उतरला तो उतरलाच.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये असं माझ्या जाऊबाई म्हणतात. त्या त्यांच्या पत्नी, त्यांनी तसं म्हणणं बरोबरच आहे. माझी लिंबाची बाग त्यांनी मुळासकट उपटली, त्यामुळे मला तो नियम लागू होत नाही.

गावात त्यांना भाऊसाहेब म्हणत. धामणगाव बढ्याच्या बाजाररस्त्यावर त्यांचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. बीटी कापूस नवा नवा आला तेव्हा त्या दुकानासमोर सकाळपासून चपलांची रांग लागे. माणसं समोरच्या कडुनिंबाखाली बसत आणि रांगेत त्यांच्या चपला उभ्या राहत. भाऊसाहेब दहाच्या पुढे येत, पांढरा सफारी, कानात अत्तराचा फाया. अत्तर कितीही चोळलं तरी त्यांच्या अंगाला औषधांचाच वास येई, पण ते त्यांना सांगणार कोण?

ते कधी ओरडून बोलले नाहीत. उलट इतक्या हळू बोलत की समोरच्या माणसाला गल्ल्यावर वाकावं लागे. मला बरीच वर्षं वाटायचं की यांचा आवाजच बारीक आहे. मग एकदा पाण्याच्या टँकरवाल्याशी त्यांचं भांडण झालं आणि तो आवाज चार गल्ल्यांपलीकडे गेला, तेव्हा कळलं की दुकानातला बारीक आवाज हा लोकांना वाकवायला ठेवलेला आहे. त्यांचं एक वाक्य तालुकाभर ठाऊक होतं. "बी माझं, नशीब तुमचं." बियाण्याची पिशवी हातात देताना ते हे हसत म्हणत, आणि लोकही हसत.

दुसरा त्यांचा नेम असा की दुकानात बोंड फोडायचं नाही. पुढे पुढे बीटीतही गुलाबी अळी शिरायला लागली. तिची खोड अशी की बोंड बाहेरून हिरवंगार, टणक, बघत राहावं असं, आणि फोडलं की आत सगळी घाण. माणसं रुमालात बोंडं बांधून दुकानात आणत. भाऊसाहेब पुरचुंडी हातात घेत, गाठ सोडू देत नसत. "पाह्यतो. कंपनीले दाखोतो," म्हणत आणि पुरचुंडी टेबलाच्या खणात टाकत. संध्याकाळी तो खण उकिरड्यावर रिकामा करणं हे गजाननचं काम. एका दिवाळीत तो विसरला. लक्ष्मीपूजनाला भटजींनी खण उघडायला लावला, तर आतून गुलाबी अळ्या वळवळत थेट चांदीच्या नाण्यावर चढलेल्या. जाऊबाईंनी झटकन झेंडूची ओंजळ वरून ओतली आणि पूजा पुढे चालू झाली. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. घरी आल्यावर मात्र गजाननला त्यांनी असं काही सुनावलं की तो त्या रात्री जेवला नाही.

आता माझ्या बागेबद्दल. जमीन एकत्र होती, पण विहिरीचं वावर आमच्या वाट्याचं समजलं जाई. नवीन वाण आला की भाऊसाहेब तो आधी त्याच वावरात लावत. म्हणजे खिरीचाच न्याय. उगवला, लागला, तर दुसऱ्या वर्षी त्यांच्या वावरात. बुडाला तर गजाननचं वावर बुडालं. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी असाच एक वाण साफ बुडाला, तेव्हा मी सासूबाईंच्या मागे लागून त्यातल्या निम्म्या वावरात कागदी लिंबं लावली. रोपं माझ्या माहेरची, वडनेर भोलजीची. खड्डे मी स्वतः मजुरणींबरोबर खणले. उन्हाळ्यात डोक्यावर पाणी वाहिलं. ती बाग धरली, आणि त्या घरात मला काय लावायचं, काय तोडायचं हे विचारून होणारं काम तेवढं एकच होतं. लिंबं विकत घ्यायला सलीमभाई बागवान यायचे, ते सरळ माझ्याशी बोलत. भाव माझ्याशी ठरे. माझ्या मुलीची फी त्यातून जाई. भाऊसाहेबांना ती बाग खुपायची, कारण विहीर तिथे होती आणि लिंबाला बियाण्याची पिशवी लागत नाही.

ज्या वर्षी त्यांनी कंपनीचा माल सगळ्यांत जास्त विकला, त्या वर्षी कंपनीनं विक्रेत्यांना जहाजावर फिरवून आणायचं ठरवलं. दुकानाचे परवाने दोन, एक भाऊसाहेबांच्या नावावर आणि एक गजाननच्या. म्हणून आम्ही दोन जोडपी निघालो. पेरण्या उरकून श्रावण लागला होता. आधी विमानानं सिंगापूर, तिथून जहाज. जहाज म्हणजे मलकापूरच्या बाजारपेठेतल्या साऱ्या इमारती एकमेकींवर रचून पाण्यात सोडल्या होत्या. जाऊबाईंनी ते लांबून पाहिलं आणि तिथेच त्यांना मळमळायला लागलं.

दुसराच दिवस श्रावणी सोमवार निघाला. आम्हा दोघी जावांचा उपास. जेवणाच्या दालनात खाण्याचे ढीग लागलेले आणि त्यातलं आम्हाला चालेल असं एकच टेबल, फळांचं. त्या टेबलावर ओळखीचं म्हणाल तर अननस आणि पपई. बाकी सगळं परकं. एका फळाची पांढरी फोड, तीत बारीक काळे दाणे, काकडीवर तीळ शिंपडावेत तशी. एक फळ कापलं की चांदणी व्हायची. एक तपकिरी, सापाच्या कातीसारख्या खवल्यांचं. आणि एक लाल, सगळ्या अंगावर केस. जाऊबाई केसांच्या फळाकडे बघून कुजबुजल्या, "मंदा, हे उपासाले चालते काय वं?" मी काय सांगणार? शेंगदाणा चालतो, साबुदाणा चालतो, एवढंच आमच्या आज्यांनी ठरवून ठेवलं होतं. समुद्रापलीकडच्या फळांचा निकाल त्यांनी दिलाच नव्हता.

निकाल भाऊसाहेबांनी दिला. माहीत नसलेल्या वस्तूचं नाव ते कधी कोणाला विचारत नसत, स्वतःच ठेवत. विचारलं तर आपण खालच्या पाटावर बसलो असं त्यांना वाटे. फळांच्या टेबलापुढे हात मागे बांधून ते बारशाला बसले. तीळवाली काकडी, चांदणी, कातफळ. केसाळ फळापाशी थांबून म्हणाले, हा केसतुड्या, याला केस आहेत म्हणून उपासाला चालत नाही, बाकीची चालतात. जाऊबाईंनी हात जोडल्यासारखी मान हलवली. मग भाऊसाहेबांनी एक केसतुड्या उचलला आणि गजाननपुढे धरला.

"गजा, तू खाय आधी."

गजाननचा उपास नव्हता. त्यानं ते फळ सालीसकट, केसांसकट चावलं. आजूबाजूला सगळ्या जिल्ह्यांचे विक्रेते बसलेले. तो चावतोय, केस दातांत अडकतायत, तोंडातून पाणी गळतंय, आणि जहाजावरचा वाढपी धावत येऊन हातवारे करतोय की साल काढा. जो हशा पिकला म्हणता. भाऊसाहेबही हसले. मग वाढप्यानं सोलून दाखवलेलं फळ त्यांनी उचललं, खाल्लं, आणि सावकाश आणखी चार खाल्ली. गजानन रुमालानं जीभ पुसत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. परदेशात, परक्या लोकांत तरी या माणसाला भावाची लाज राखता आली नाही, आणि माझ्या नवऱ्याला स्वतःचीही राखता आली नाही. कोणाचा राग जास्त आला होता ते मला आजही सांगता यायचं नाही.

पुढे पेनांगला जहाज लागलं आणि आम्हाला खाली उतरवलं. बाजारात एक म्हातारी बाई, डोक्याला रुमाल बांधलेली, जांभळ्या काळपट फळांचा ढीग घेऊन बसली होती. फळ मुठीएवढं, टणक, वर हिरवी टोपी. भाऊसाहेबांनी त्यातलं एक उचललं. मी वाटच बघत होते की आता ते गजाननकडे जाणार. पण त्यांनी ते दोन्ही तळव्यांत धरलं आणि पिळलं, आपल्याकडे शेतात बोंड तपासायला फोडतात अगदी तसं. इतक्या वर्षांत त्यांना बोंड फोडताना मी पाहिलं नव्हतं, पण हात विसरले नव्हते. साल तडकली. आत शुभ्र पांढऱ्या पाकळ्या, गोलात बसवलेल्या. उमललेलं कापसाचं बोंडच.

त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. खिशातून आगपेटीची काडी काढली आणि एकेक पाकळी बाजूला करून बघितली. सगळ्या बघून झाल्या.

"अळी नाही," ते म्हणाले. "गजा, पाह्य. एकाही कप्प्यात अळी नाही."

आणि गजाननला न देता त्यांनी ती पाकळी स्वतःच्या तोंडात घातली. माझ्या माहितीत आयुष्यात पहिल्यांदा. डोळे मिटून उभे राहिले. सफारीवर जांभळा रस ओघळला, त्याकडे लक्ष नाही. खरं तेच सांगायचं तर त्या एका क्षणाला मला तो माणूस बरा वाटला. हा माणूस इतकी वर्षं रुमालाच्या गाठी सोडू देत नव्हता, त्याला आत काय आहे ते पुरतं ठाऊक होतं, आणि ते त्याच्याही मनात कुठेतरी सलत असणार, असं मला वाटलं. मग मी स्वतः एक पाकळी खाल्ली. आंबट, गोड, थंड. तसं फळ मी पुन्हा कधी खाल्लं नाही. इतर विक्रेत्यांनी नाव सांगितलं, मँगोस्टीन. भाऊसाहेबांनी ते ऐकूनही घेतलं नाही. त्यांनी बारसं करून टाकलं होतं, बिनअळीचं बोंड.

पण बरेपण टिकलं ते तेवढंच. लगेच त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. प्रत्येक पाकळीत बी नसते, एखाद्या मोठ्या पाकळीत असते. म्हणून त्यांनी टोपलीभर फळं घेतली आणि आम्हा सगळ्यांना रस्त्यावर उभं करून खायला लावली. बी गिळायची नाही, थुंकायची, ती त्यांच्या हातावर. जाऊबाईंना ओकारी येत होती, त्यांनाही खायला लावलं. म्हातारी हे सगळं बघत होती. तिला उमगलं की याला बी लावायची आहे. तिनं त्या बिया घेतल्या, एक फडकं बाटलीतल्या पाण्यानं ओलं केलं, बिया त्यात गुंडाळल्या, रबर लावलं. मग आभाळातल्या सूर्याकडे बोट केलं आणि तेच बोट आमच्यापुढे नाही नाही म्हणून हलवलं. पुन्हा पाण्याची बाटली दाखवली. भाषा कळायची गरजच नव्हती. उन्हात घालू नका, वाळू देऊ नका, ओलं ठेवा. माझ्या मुलीलासुद्धा कळलं असतं.

जहाजावर परत आल्यावर भाऊसाहेबांनी काय केलं असेल? ते ओलं फडकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्यांच्या खोलीत भिंतीला केस वाळवायचं यंत्र होतं. ते सुरू करून त्यांनी त्या बिया टॉवेलवर पसरल्या आणि गरम हवेनं वाळवायला बसले. तीस वर्षं त्यांनी बियाणं विकलं होतं. बियाणं म्हणजे कोरडं, खडखडीत, दातानं कडक वाजलं पाहिजे. ओलं बियाणं म्हणजे बुरशी. हे ज्वारीला खरं, सरकीला खरं, म्हणजे साऱ्या जगाला खरं असणार. मी जाऊबाईंना औषध द्यायला गेले होते. भासऱ्यांपुढे मी सहसा बोलत नसे, आमच्यात तशी पद्धत. पण मला राहवलं नाही.

"भाऊसाहेब, त्या बाईनं ओलं ठेवाले सांगतलं होतं. वाळू नका देऊ म्हने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दारात गजानन उभा होता, त्याच्याकडे बघून त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाले, "गजा, तुही बायको मले बियानं शिकवून राह्यली काय?"

यंत्र घूं घूं करत राहिलं.

बिया गावी आल्या त्या हिंगाच्या रिकाम्या डबीत बसून. घरी त्यांना पंख्याखाली आणखी दोन दिवस ठेवलं, राख चोळली, वर सरकीला लावतात ते लाल औषध लावलं. डबीतून काढलेल्या त्या लाल बिया दुकानात काचेच्या बरणीत ठेवल्या आणि येणाऱ्या जाणाऱ्याला कथा सुरू झाली. अळी नाही, फवारा नाही, कापसाचा बाप. ज्यांचा कापूस मागच्या हंगामात अळीनं खाल्ला होता ती माणसं त्या बरणीकडे देवाकडे बघावं तशी बघत. रस्त्यानं जातानाही मला त्यांच्याकडे बघवत नसे.

भादव्यात आई तापानं पडली म्हणून मी वडनेर भोलजीला गेले. परतले तेव्हा फाट्यावर उतरून थेट वावराकडे वळले, कारण सलीमभाई बाग बघायला येणार होते. लांबूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. विहिरीचं थारोळं, मोटेचं पाणी पडायची ती दगडी कुंडी, इतकं लांबून कधी दिसत नसे. जवळ गेले तर झाडं आडवी. एकूण एक. मुळं वर, मातीचे गोळे तसेच चिकटलेले, आणि फांद्यांवर हिरवी लिंबं लटकलेली. शेजारच्या वावरात शेततळं खणायला जेसीबी आला होता, भाऊसाहेबांनी तो जाता जाता आमच्यात वळवला. बिनअळीच्या बोंडाला पाणी लागणार आणि पाणी माझ्या बागेत, एवढं साधं कारण. रोप उगवायच्या आधी बाग गेली. सलीमभाई टोपल्या बाजूला ठेवून बांधावर बसले होते. मला बघून उठले. "भाभी, तुम्ही घरी जा. मी पाह्यतो," एवढंच म्हणाले आणि पडलेल्या झाडांवरची लिंबं तोडायला लागले. सगळ्या वावराला लिंबाच्या पानांचा वास सुटला होता. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. बाप गेला तेव्हा मी इतकी रडले नव्हते.

घरी गजाननला विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का. होतं. दादानं नवीन वाण आधी आपल्या वावरात म्हटलं, आता दादाला नाही कसं म्हणायचं. मी त्याला म्हटलं की तुम्ही जन्मभर त्यांची खीर चाखत बसा, मला त्यात ओढू नका. कित्येक दिवस आमच्यात शब्द नव्हता. भाऊसाहेब मात्र ओसरीवर बसून वाफे कसे आखायचे याची चर्चा करत होते. माझ्या समोर, जसं काही मी बाहेरून आलेली पाहुणी आहे.

वाफे देखणे झाले. वर हिरवी जाळी, बाजूनं तारा. लाल बिया भाऊसाहेबांनी स्वतःच्या हातानं टोकल्या. पाणी घालायचं काम माझ्याकडे, कारण वावर आमचं. मी घातलं. मला खोटं बोलायचं नाही, माझ्या मनात तेव्हाही वाटत होतं की उगवावं. बाग गेली ती गेली, निदान त्या जागी काहीतरी उभं राहावं. दसरा गेला, दिवाळी गेली. एक कोंब नाही. भाऊसाहेब आधी म्हणाले पाणी जास्त झालं. मग म्हणाले कमी झालं. मग एका सकाळी मी मागल्या दारी भांडी घासत असताना ते जाऊबाईंना सांगत होते, मला ऐकू येईल इतपत, की गजाच्या बायकोचा हातच चांगला नाही.

तशीच उठले. वावरात जाऊन खुरप्यानं त्या बिया उकरून काढल्या. लाल रंग अजून तसाच होता. एक दगडावर ठेचली, आत वाळून कोळसा झालेली. दुसरी तशीच. सगळ्या पदरात घेतल्या आणि दुकानात गेले. दिवाळीची पूजा सोडली तर त्या दुकानाची पायरी मी तोवर चढले नव्हते. आत पाचसहा शेतकरी होते, एकाच्या हातात रुमालाची पुरचुंडी. मी बिया भाऊसाहेबांपुढे टेबलावर ओतल्या आणि म्हटलं, तुमचं बी उगवलं नाही.

त्यांनी आवाज खाली आणला. "पानी जास्त झालं असन."

पुरचुंडीवाला माणूस फसकन हसला. मग कळलं, आठ दिवसांपूर्वी त्यालाही अक्षर न अक्षर हेच उत्तर मिळालं होतं. त्याचं बघून दुसरा हसला, मग सगळेच. भाऊसाहेब त्या हसण्यानं पांढरे पडले. मी आवाज खाली आणला नाही. म्हटलं, "बी ओलं ठेवा म्हनून मी जहाजावरच सांगतलं होतं. तुम्ही ते केसं वाळवाच्या मशीननं भाजलं. आता माह्या वावरात पाय ठेवू नका." ते गजाननला शोधायला लागले. तो खतांच्या पोत्यांमागे उभा होता. त्यानं खूप वेळ लावला, मला वाटलं हा आता तिथून हलत नाही. मग पोत्यांमधून बाहेर आला आणि म्हणाला, "दादा, वावर तिचं हाय."

त्या उन्हाळ्यात वाटणी झाली. विहिरीचं वावर आमच्याकडे आलं, दुकान त्यांच्याकडे राहिलं. त्यांची खोड मोडली असं मी म्हणणार नाही. दुकान बुडालं नाही, असली दुकानं बुडत नसतात. दुसऱ्या वर्षी ते आणखी कुठल्यातरी देशात फिरून आले. मी पुन्हा वडनेरहून रोपं आणली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. लिंबाला फळ धरायला वर्षं लागतात. मुलीचं शिक्षण तेवढं थांबणार नव्हतं, ते गजाननच्या मजुरीवर झालं. दादाच्या गादीवर बसलेला माणूस दुसऱ्याच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या गिरणीत, कापसाच्या गाठी मोजत होता, आणि तरी मी त्याला इतका मोकळा कधी पाहिला नव्हता.

मग भाऊसाहेबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि डोक्यातली अलीकडची वर्षंही गेली. शाळेतले मास्तर आठवायचे, बापाची बैलजोडी नावानिशी आठवायची. जहाज, दुकानातली बरणी, वाटणी, काही नाही. जाऊबाई दुपारी घटकाभर पाठ टेकायच्या तेव्हा मला बसायला बोलावत. मी जात असे, त्यांच्यासाठी नव्हे, जाऊबाईंसाठी. भाऊसाहेबांच्या तोंडाला चव नव्हती, लिंबाचं सरबत तेवढं घ्यायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, विहिरीच्या वावरातलं लिंबू आण, बागेतलं. मी सांगितलं ती बाग नाही, नव्या झाडांना अजून फळ नाही. काऊन नाही? उपटली. कोनं? मी म्हटलं, तुम्ही. ते संतापले. मी काऊन उपटीन, मी काय येडा हाव, म्हणाले, सोन्यासारखी झाडं होती, ज्यानं उपटली त्याला माझ्यापुढे आणा. थरथर कापायला लागले. जाऊबाई आतून धावत आल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. जाऊबाईंनी हात जोडले, म्हणाल्या, वादळानं पडली म्हण, तुझं काय जातं? गजाननही म्हणाला, आजारी माणूस आहे, एक खोटं बोललीस तर काय बिघडतं? मी ऐकलं नाही. माझी झाडं वादळानं पडली नव्हती. ते विचारत, कोनं, आणि मी म्हणे, तुम्ही. प्रत्येक वेळी त्यांना ते नव्यानं कळे आणि प्रत्येक वेळी ते नव्यानं चिडत. मला त्यांची दया येत नसे. एवढंच की सरबत मी कधी पातळ केलं नाही, साखर कमी घातली नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ती चैत्रातली दुपार होती. पेला घेऊन गेले. नेहमीसारखे प्रश्न झाले, नेहमीसारखी उत्तरं झाली. तुम्ही, म्हटल्यावर मी त्यांच्या चिडण्याची वाट बघत उभी राहिले. ते चिडले नाहीत. छताकडे बघत पडून राहिले. मग मान वळवली.

"तिले सांगतलं काय कोनी?"

"कोनाले?"

"गजाच्या बायकोले. तिनं लावली होती ना झाडं."

मी त्यांच्या उशाशी उभी होते. त्यांनी माझ्याकडेच बघून विचारलं होतं.

"सांगतलं," मी म्हटलं.

"मंग? काय म्हने?"

"अजून शिव्या देऊन राह्यली."

त्यांनी मान हलवली. "देऊ दे," म्हणाले, आणि पेल्यासाठी डावा हात पुढे केला.